बिब्ब्याची खूण

जमादार शिवलिंगप्पा ओट्यावर बसून ताक प्यायला, आणखी मागून घेतलं, आणि मगच खिशातून कागद काढला. आधी काढला असता तर ताक मिळालं नसतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"रावसाब, रागावू नका," तो मिशा पुसत म्हणाला. "उद्या सकाळी चावडीवर या म्हनून नोटीस हाय. तुमी आन् तुमचे धाकले बंधू, दोगं बी."

चिंतामणरावांनी कागद घेतला. अठ्ठावीस वर्षं दिवाणी कोर्टात बसून त्यांनी सोलापुरातल्या निम्म्या घरांना समन्स पाठवली होती. आपल्या घरी असा कागद येण्याची ही पहिलीच वेळ. तरी त्यांनी सवयीनं आधी शिक्का पाहिला, मग तारीख पाहिली आणि मग म्हणाले, "जावक नंबर घातलेला नाही."

"ते घालतो की मागनं. टोपीचं तेवढं बगा."

टोपीचं प्रकरण असं होतं. उन्हाळ्यात शहरावर लष्करी कायदा लागला, त्या सुरुवातीच्या दिवसांत ओढ्यापलीकडची शिंदीची झाडं दारूबंदीच्या सत्याग्रहात कुणीतरी रातोरात तोडून टाकली. तिथं एक पांढरी खादीची टोपी सापडली, त्या कायद्यानं बंदी घातलेली. कायदा उठला, महिना लोटला, श्रावण लागला, पण फौजदारांनी ती टोपी सोडली नाही. टोपीच्या आत परिटाची बिब्ब्याची खूण होती: तीन ठिपके, खाली आडवी रेघ. गावातले परीट एकेक करून चावडीवर बोलावले गेले. त्यातल्या गुरप्पानं खूण पाहिली आणि काही वाईट बोलतोय हे ध्यानात न येता अभिमानानं सांगून टाकलं, की ही चिंतामणरावांच्या घरची, माझ्या बापाच्या हातापासून चालत आलेली.

घर एक, म्हणून खूण एक. चिंतामणरावांची उपरणी, धाकट्या भावाचे, एकनाथचे, सदरे, बायकांची लुगडी, पोरांची अंगडी, सगळ्यांवर तेच तीन ठिपके. आजवर या गोष्टीचं घराला कौतुक होतं.

जमादार गेला आणि घरात जो कल्ला सुरू झाला तो दिवेलागणीपर्यंत थांबला नाही.

चिंतामणरावांचा मेहुणा, गोदावरीबाईंचा धाकटा भाऊ भीमाशंकर सिद्धेश्वराच्या दर्शनाच्या निमित्तानं मैंदर्गीहून आलेला होता. अक्कलकोटच्या एका वकिलाकडे तो कारकुनी करायचा, आणि त्यामुळे स्वतः वकील असल्यासारखा बोलायचा. त्याच्या मते प्रश्न अगदी सोपा होता.

"चिंतोपंत, तुम्ही सरकारी नोकर. पेन्शन दोन वर्षांवर आली. तुम्ही चावडीवर एवढंच सांगायचं, की एकनाथची चूल वेगळी. आजच कागद करू. मागची तारीख घालून मी लिहितो, दोन साक्षीदार आणतो. धाकटा भाऊ वेगळा राहतो, त्याच्या टोपीचं मला काय माहीत? संपलं."

"चूल वेगळी?" एकनाथ उसळला. तो शाळेत इतिहास शिकवायचा आणि घरातही तसंच बोलायचा. "खुशाल करा! मी काही घाबरत नाही. टोपी माझी आहे, मी छातीठोकपणे सांगेन. घरात एक तरी माणूस सरकारला भीत नाही हे कळू दे जगाला."

"म्हणजे झाडं तूच तोडलीस?" भीमाशंकरनं विचारलं.

एकनाथची नजर माजघराकडे गेली. दाराआड त्याची बायको लीला उभी होती. तिच्या बांगड्या वाजल्या होत्या. "टोपी माझी आहे," तो पुन्हा म्हणाला.

"अय्यो देवा!" भीमाशंकरनं कपाळाला हात लावला. "अक्का, तुझा दीर सगळं घर बुडवणार बघ."

गोदावरीबाई भाजी निवडत होत्या. सकाळपासून त्यांनी तीन वेळा चहा केला होता, दोनदा ताक घुसळलं होतं, आणि तिघा पुरुषांपैकी एकानंही अजून एक कामाचं वाक्य उच्चारलं नव्हतं. भाऊ घर मोडायला निघालेला, दीर हुतात्मा व्हायला निघालेला, आणि नवरा नोटिशीकडे बघत बसलेला. त्यातही नवऱ्याचं गप्प बसणं त्यांना जास्त खटकत होतं. एरवी एकनाथनं चरख्याचं नाव काढलं तरी तास तास सुनावणारा हा माणूस आज तोंडात मिठाची गुळणी धरून बसल्यासारखा का बसलाय?

"अहो, तुम्ही काहीतरी बोला की," त्या म्हणाल्या.

"काय बोलू?"

"चूल वेगळी करायची का नाही ते बोला. म्हणजे पीठ कुणाच्या डब्यातलं भिजवायचं ते मला कळेल."

चिंतामणराव उठले, खुंटीवरची पगडी उगीचच सारखी केली आणि परसदारी निघून गेले.

*

स्वयंपाकघरात लीला चुलीपुढे बसली होती, पण चुलीत जाळ नव्हता. लग्नाला चार वर्षं झाली होती, आणि आता सातवा महिना लागला होता.

"वहिनी, ते खरंच तुरुंगात जातील का हो?"

"जातील नाहीतर काय. एवढ्या मोठ्यानं बोंबलल्यावर कोण सोडेल?" गोदावरीबाईंनी फुंकणी उचलली. मग तिचा चेहरा पाहून खाली ठेवली. "मला खरं सांग. त्या रात्री भावोजी बाहेर गेले होते?"

लीलानं मान खाली घातली. "मला झोप लागली होती. सकाळी उठले तेव्हा ते अंथरुणातच होते, पण परसदाराआडच्या खुंटीवर टोपी नव्हती. मी विचारलं नाही. म्हटलं, असल्या गोष्टी बायकोला सांगत नाहीत." तिचा आवाज भरून आला, पण त्यात थोडा तोराही होता. "तेव्हापासून मी रोज देवापुढे त्यांच्या नावाची वात लावते."

"आणि त्यांनी काही सांगितलं नाही?"

"एकदा म्हणाले, टोपीचं कुणाजवळ बोलू नकोस."

गोदावरीबाईंना दिराची चीड आली, आणि जावेची कीव आली. पण त्याहून वेगळंच काहीतरी डोक्यात वळवळायला लागलं. परसदाराच्या आतली खुंटी. ती त्यांनीच ठोकून घेतली होती. आणि त्या खुंटीखाली एक तांब्या असायचा, तांब्याचाच, माहेरून आलेला, त्यांच्या आजीचं नाव कोरलेला. तो तांब्या उन्हाळ्यात हरवला. त्यांनी मोलकरणीला बोल लावले, शेजारणीशी अबोला धरला, नवऱ्याला दहादा विचारलं. नवरा दर वेळी म्हणायचा, "जाऊ दे गं, दुसरा आणू."

तांब्या कोणत्या दिवशी हरवला? रस्त्यावर पहिल्यांदा गोरे शिपाई दिसले होते त्याच सुमारास. नवरा पहाटे बाहेरून धापा टाकत आला होता, धोतराला काटे लागले होते, आणि विचारलं तर म्हणाला होता, कुत्रं मागे लागलं.

गोदावरीबाई उठल्या. "जाळ घाल चुलीला," असं जावेला सांगून त्या परसदारी गेल्या.

चिंतामणराव विहिरीच्या कट्ट्यावर बसले होते. मागच्या भिंतीवर संध्याकाळचं ऊन होतं.

"माझा तांब्या कुठाय?" गोदावरीबाईंनी विचारलं.

चिंतामणरावांनी बायकोकडे पाहिलं, आणि त्यांच्या लक्षात आलं की आता लपवण्यात अर्थ नाही. खरं तर त्यांना सुटल्यासारखंच वाटलं.

"ओढ्यापलीकडं," ते म्हणाले. "शिंदीत."

*

घरात संडास बांधून सहा वर्षं झाली होती, पण चिंतामणराव तिथं जायचे नाहीत. वडील जायचे तसे तेही पहाटे तांब्या घेऊन ओढ्यापलीकडं परसाकडे जायचे. जानवं कानाला, डोक्यावर काहीतरी आच्छादन. ते काहीतरी म्हणजे पगडी नव्हे. पगडी कचेरीची, वडिलांच्या मानाची, ती असल्या कामाला न्यायची नाही. उपरणं नेलं तर धुवायला टाकायचं. दाराआडच्या खुंटीवर एकनाथची खादीची टोपी असायची. एका अंधाऱ्या पहाटे ती हाताला लागली आणि डोक्यावर गेली, आणि मग रोजच जाऊ लागली.

"तुम्ही भावोजींची टोपी परसाकडे न्यायचात?" गोदावरीबाईंना हसावं की डोकं आपटावं कळेना.

"आणून परत लावायचो की. त्याला काय कळतंय, तो उठतो आठला."

"आणि तेच ती टोपी घालून सभांना जायचे!"

"मी तिला टोपी मानतच नव्हतो गं. परसाकडची वस्तू. तांब्या, तशी ती." चिंतामणरावांनी हात चोळले. "त्या दिवशी गेलो तर झाडं सगळी आडवी पडलेली. बघत उभा राहिलो तेवढ्यात शिपायांची शिट्टी वाजली. पळालो. टोपी काट्यात अडकली, तांब्या हातातनं सुटला. दुपारी परत जाऊन पाहिलं, तर तांब्या कुणीतरी नेला होता."

"तांब्या नेणारच. टोपी कोण उचलतंय त्या दिवसांत!"

मागे पाऊल वाजलं. एकनाथ दारात उभा होता, आणि त्याच्या मागे लीला. किती ऐकलं हे विचारायची गरजच नव्हती. एकनाथचा चेहरा असा झाला होता, जणू भर वर्गात पोरांनी त्याच्या पाठीला कागद चिकटवलाय.

"दादा," तो म्हणाला, "मला वाटलं लीलानं चुलीत घातली. लष्करी कायदा आला म्हणून. मला, खरं सांगू, बरंच वाटलं. काळी टोपी घालून शाळेत गेलो दुसऱ्या दिवशी."

"म्हणजे तुम्ही गेलाच नव्हता?" लीलानं विचारलं.

"मी अंथरुणातनं उठलो नव्हतो त्या दिवशी."

लीला आजवर मोठ्या दिरासमोर कधी बोलली नव्हती. आता तिनं पदर डोक्यावर घेतला, आणि तसाच धरून बोलली. "दोन महिने! दोन महिने मी वात लावतेय, आणि तुम्ही बघताय! एकदा तरी म्हणायचं की बाई गं, तेल वाया घालवू नकोस! आणि आता खोटं बोलून तुरुंगात जाणार? कुणासाठी? शाळेतल्या पोरांनी जयजयकार करावा म्हणून? गेलात तर मी माहेरी जाईन, आणि हाक मारली तरी येणार नाही."

"पण दादांनी खरं सांगितलं तर त्यांची नोकरी जाईल," एकनाथ म्हणाला. हे वाक्य त्यानं संबंध दिवसात पहिल्यांदाच छाती न फुगवता म्हटलं होतं. "अठ्ठावीस वर्षांची. आणि वर हसं होईल. दादा, तुम्ही गप्प बसा. मी म्हणतो माझी."

"आणि मी बरोबर चुलीचा कागद करतो," आतून भीमाशंकरचा आवाज आला. तोही ऐकतच होता.

"भीमाशंकर!" चिंतामणराव ओरडले. इतक्या मोठ्यानं, की शेजारच्या परसातून कुणीतरी डोकावलं. "पुन्हा चुलीचं नाव काढलंस तर आजच्या आज मैंदर्गीची मोटार धरायची! बापाच्या वेळेपासून एक खूण आहे या घराची. मी नाही मोडणार."

गोदावरीबाईंना भावाची बाजू घ्यावीशी वाटली नाही, हे त्यांना स्वतःलाच नवीन होतं.

"उद्या काय सांगणार आहात?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"बघू," चिंतामणराव म्हणाले. पुरुषांनी "बघू" म्हटलं की गोदावरीबाईंचं पित्त खवळायचं, आणि त्या रागात त्यांनी भाजीत मीठ दोनदा घातलं.

*

चावडीवर फौजदारांना सर्दी झाली होती. ते रुमालात शिंकत होते आणि टेबलावर, दौतीशेजारी, ती टोपी पडली होती. आता ती पांढरी राहिली नव्हती.

"बसा चिंतामणराव. तुमच्यासारख्याला बोलवायचं मला बरं वाटत नाही," फौजदार म्हणाले. "पण खूण तुमच्या घरची. कुणाची टोपी?"

"माझी," एकनाथ म्हणाला. चिंतामणरावांनी तोंड उघडायच्या आत.

"झाडं तोडलीत?"

"हो."

"बरोबर कोण होतं?"

एकनाथनं हा प्रश्न गृहीतच धरला नव्हता. "कुणी नाही."

"एवढी झाडं एकट्यानं? कुऱ्हाड कुणाची? इकडं हात बघू." फौजदारांनी त्याचे हात उलटेसुलटे करून पाहिले. खडूशिवाय त्या हातांनी काही उचललं नव्हतं हे कुणालाही दिसलं असतं. "मास्तर, नावं दिलीत तर सहा महिन्यांत सुटाल. नाही दिलीत तर मला सांगता यायचं नाही. जमादार, लिहा."

शिवलिंगप्पानं टाक बुडवला. एकनाथच्या मनात येऊन गेलं, की कुणाचं नाव घेणार? आणि नाही घेतलं तर मूल होईल तेव्हा आपण कुठे असू?

"थांबा," चिंतामणराव म्हणाले. "टोपी त्याची आहे. डोकं माझं होतं."

आणि मग त्यांनी सांगितलं. कोर्टात दुसऱ्यांच्या जबान्या वाचून दाखवायचे तशा आवाजात, क्रमानं, काही न गाळता. जानवं, तांब्या, अंधार, खुंटी, शिट्टी, काटे. "परसाकडे" हा शब्द आला तेव्हा शिवलिंगप्पा टाक ठेवून भिंतीकडे वळला आणि त्याचे खांदे हलू लागले. फौजदार हसता हसता शिंकले आणि शिंकता शिंकता हसले. एकनाथ जमिनीकडे बघत राहिला.

"चिंतामणराव," फौजदार डोळे पुसत म्हणाले, "भावाला वाचवायचंय हे कळतं मला. पण असली थाप? तुम्ही?"

"मी थाप मारलेली तुम्हाला माहीत आहे का?"

फौजदारांचं हसू ओसरलं. चिंतामणराव थापा मारत नाहीत हे सगळ्या सोलापूरला माहीत होतं. कित्येकांना त्याचा त्रासही झाला होता.

"या टोपीला बंदी होती. ते ठाऊक नव्हतं तुम्हाला?"

"ठाऊक होतं. त्या हुकमाची आमच्या कचेरीतली नक्कल माझ्याच हातची आहे."

"आणि तरी घातलीत?"

चिंतामणरावांनी एकदम आपली पगडी उतरवली आणि टेबलावर ठेवली. कपाळावर तिचा वळ उमटलेला होता, तांबडा, आडवा. तो वळ घरातल्या सगळ्यांनी रोज पाहिला होता, आणि कुणी कधी पाहिला नव्हता.

"पहिल्या दिवशी अंधारात हाताला लागली म्हणून घातली," ते म्हणाले. आता आवाज जबानीचा नव्हता. "नंतर तसं नव्हतं. नंतर मी मुद्दाम तीच घ्यायचो. हलकी असते हो. अठ्ठावीस वर्षं रोज संध्याकाळी माझं डोकं दुखतं. पहाटेचा तेवढा वेळ दुखायचं नाही. हुकूम निघाला त्याच्या दुसऱ्या दिवशीही माझा हात तिकडंच गेला. मला कळत होतं. झाडं मी तोडली नाहीत, स्वराज्याचं मला काही समजत नाही, पण टोपी मी कळूनसवरून घातली. असं लिहा."

शिवलिंगप्पा भिंतीकडून वळला आणि त्यानं टाक पुन्हा हातात घेतला.

"हे लिहिलं तर प्रत तुमच्या कचेरीत जाईल," फौजदार हळू म्हणाले. "पेन्शन दोन वर्षांवर आलीय तुमची."

"लिहा. आणि त्यावर जावक नंबर घाला."

शिवलिंगप्पानं लिहिलं. चिंतामणरावांनी वाचून पाहिलं, एका ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं, आणि सही केली. फौजदारांनी टोपी पुरावा म्हणून ठेवून घेतली आणि दोघांना जायला सांगितलं. पुढे काय होईल ते वरचे ठरवतील, म्हणाले.

*

बाहेर ऊन होतं. चिंतामणराव पगडी हातात घेऊनच चालू लागले.

"दादा, पगडी घाला," एकनाथ इकडेतिकडे बघत पुटपुटला. "लोक बघताहेत."

"तू धर जरा."

एकनाथनं पगडी घेतली. या पगडीला तो जन्मभर नावं ठेवत आला होता, तिला गुलामीचं गाठोडं म्हणत आला होता, पण तिला हात त्यानं आजच लावला. तो दोन पावलं चालला आणि थांबला.

"दादा, ही एवढी जड असते?"

"हं," चिंतामणराव म्हणाले, आणि चालत राहिले.

गल्लीच्या तोंडाशी गोदावरीबाई वाट बघत उभ्या होत्या. सकाळपासून दाराशी येऊन येऊन त्यांचे पाय दुखले होते. लांबून त्यांना नवरा दिसला, बोडक्या डोक्यानं, आणि मागे दीर, दोन्ही हातांत पगडी धरून. असे पुरुष एकाच ठिकाणाहून परत येतात.

"अगं बाई, कोण गेलं?" त्या ओरडल्या. शेजारची दारं फटाफट उघडली.

"कोणी गेलं नाही," चिंतामणराव म्हणाले. "मी सांगून आलो."

"तुरुंग?"

"नाही. नोकरीचं काय होतंय ते बघायचं."

गोदावरीबाईंना रडू आलं आणि त्याचाच राग आला. "मग डोक्यावर काहीतरी घाला की आधी! भर दुपारी बोडके फिरताय, सगळी गल्ली बघतेय, लीला तिकडं आत घाबरून बसलीय, आणि तुम्ही आपले—"

एकनाथनं पगडी पुढे केली. चिंतामणरावांनी ती घेतली नाही. ते एकनाथच्या डोक्याकडे बघत होते. तुरुंगात जायचंच झालं तर असावी म्हणून त्यानं काल संध्याकाळी नवी खादीची टोपी आणली होती आणि आज सकाळी घातली होती. एकनाथला समजायला थोडा वेळ लागला. मग त्यानं टोपी काढली आणि दोन्ही हातांनी भावापुढे धरली.

भर दुपारी, सगळ्या गल्लीदेखत, चिंतामणरावांनी ती घातली. गोदावरीबाई बघत राहिल्या. नवऱ्याच्या कपाळावरचा तांबडा वळ टोपीखाली झाकला गेला नव्हता. बत्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी त्या कपाळाला एकदाही तेल लावून दिलं नव्हतं. नवऱ्यानं मागितलं नव्हतं, आणि त्यांना सुचलं नव्हतं.

"आत या," त्या म्हणाल्या, नेहमीपेक्षा जास्तच चिडक्या आवाजात. "भात निवतोय. आणि उद्यापासून पहाटे पितळी तांब्या न्यायचा, सांगून ठेवते. तांब्याचा मी पुन्हा देणार नाही."